चुन्याची निवळी आणि प्रवाळाची बाग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहबाईंची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भजनाला टाळ धरणे किंवा हळदीकुंकवाला पन्हे करणे निराळे, आणि सभेत उभे राहून बोलणे निराळे. परंतु त्या म्हणाल्या, "तुम्ही सहा महिने अमेरिकेत राहून आलात, तिकडचे काहीतरी सांगा." तेव्हा मला नकार देता येईना.

आता अमेरिका म्हटली की उंच इमारती आणि बर्फ यांचे वर्णन ऐकायला मिळेल असे आपणांस वाटले असेल. ते सारे मी पाहिले, नाही असे नाही. पण जे शिकून आले ते मात्र दिवाणखान्यातील एका काचेच्या पेटीपाशी. आज त्या पेटीची गोष्ट सांगणार आहे. तीत माझी एक चूकही आहे, आणि खरे पाहता ती सांगण्यासाठीच मी उभी राहिले आहे.

माझे धाकटे दीर न्यू जर्सीमध्ये असतात. २०२३ साली जाऊबाईंना दिवस गेले. त्यांना आई नाही. तेव्हा आमच्या सासूबाईंनीच ठरवले की बाळंतपणाला मोठ्या जावेने जावे, इकडचे घर आम्ही पाहू. त्याप्रमाणे ऑक्टोबरात मी तिकडे गेले. घरात पाऊल टाकले तो समोर चार फूट लांबीची काचेची पेटी, वर निळसर दिवे, आत समुद्राचे पाणी. त्यात दोन नारिंगी मासे होते. पण मासे निमित्तालाच. पाहण्यासारखी होती ती आतली बाग. कोठे जांभळ्या फांद्या, कोठे हिरवी थाळीसारखी पाने, कोठे हाताची बोटे हलावीत तसे हलणारे गुच्छ. मी भाऊजींना विचारले, "ही झाडे कुठली?" ते म्हणाले, "वहिनी, ही झाडे नव्हेत, प्राणी आहेत. हे प्रवाळ."

प्रवाळ म्हणजे पोवळे एवढे मला ठाऊक होते. सोनाराकडे मंगळासाठी मिळते ते तांबडे पोवळे निराळ्या जातीचे, ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. या पेटीतले प्रवाळ उष्ण समुद्रात, उथळ पाण्यात, उन्हात वाढणारे. लहान लहान मऊ जीव शेकड्यांनी एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याखाली चुनखडीचे घर बांधीत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते शेवाळ उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातले पुष्कळसे घरधन्याला देते. भाडेकरूने घरमालकाला रोज जेवू घालावे तसा हा प्रकार आहे.

आता हे घर बांधायला सामान कोठून येते? पाण्यातूनच. शिंपले, चुनखडी, खडू आणि प्रवाळाचा सांगाडा हे सारे मुळात एकच द्रव्य. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, आणि आपल्या खायच्या सोड्यात असते तसले कार्बोनेट ही दोन्ही पाण्यातून घेऊन तो जीव दगड घडवतो. समुद्र अफाट, तेथे सामान संपत नाही. भाऊजींच्या पेटीत पाणी होते दोनशे लिटर. तेथे प्रवाळ जसजसा वाढे तसतसे सामान रोज कमी होई. ते कोणीतरी रोज भरले पाहिजे. घरात माणसे वाढली की कोठीतले तांदूळ लवकर संपतात, त्यातलाच हा हिशेब.

भाऊजींपाशी एक वही होती. तीत रोजचे आकडे लिहिलेले. पहिला आकडा मिठाचा. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असले पाहिजेत. येथे एक गोष्ट मला आपोआप समजली. पेटीतले पाणी रोज दोन-तीन लिटर आटे. पण आटते ते पाणी, मीठ मागे राहते. आमटी आटली की खारट होते, मग आपण तीत मिठाचे पाणी घालतो काय? साधेच पाणी घालतो. तसे येथेही आटलेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडे पाणी घालायचे. दुसरा आकडा उष्णतेचा, २५ ते २६ अंश. तिसरा कॅल्शियमचा, लिटरमागे ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. चौथा मॅग्नेशियमचा, १३०० च्या आसपास. हे मॅग्नेशियम कमी पडले तर चुना आणि सोडा पाण्यातच एकमेकांना धरून बसतात आणि पांढरा गाळ होऊन खाली जातात, प्रवाळाच्या वाट्याला काही येत नाही.

पाचवा आकडा सर्वांत महत्त्वाचा. भाऊजी त्याला अल्कॅलिनिटी म्हणत. माझी जीभ काही त्या शब्दाला वळेना, तेव्हा मी त्याला 'सोड्याची शिल्लक' असे नाव दिले, आणि पुढे तेही तेच म्हणू लागले. ही शिल्लक जर्मन अंशांत मोजतात. समुद्रात ती सुमारे ७ अंश असते, भाऊजी ८ च्या जरा वर ठेवीत. हिच्यावर रोज लक्ष का, तर बिघाड झाला की तो पहिल्यांदा येथेच दिसतो. प्रवाळाने २.८ अंश सोडा वापरला तर त्याच वेळी कॅल्शियम कमी होते फक्त २० मिलिग्रॅम. ४२० मधून २० गेले तर कोणाच्या लक्षात येणार? पण ८ मधून २.८ गेले तर घराचा तिसरा हिस्सा गेला.

ही शिल्लक मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. एका छोट्या कुपीत पेटीतले मोजके पाणी घ्यायचे, त्यात रंगाचे थेंब टाकायचे. पाणी निळसर हिरवे होते. मग दुसऱ्या औषधाचा एकेक थेंब टाकीत कुपी हलवीत राहायचे. एका थेंबासरशी रंग पालटून गुलाबी-नारिंगी होतो. तोवर किती औषध लागले ते पाहून तक्त्यावरून आकडा काढायचा. इंग्रजी मला येत नाही. पण आकडे साऱ्या जगात सारखेच, आणि रंग ओळखायला शाळा लागत नाही.

आणि रोज भरायचे सामान कोणते? भाऊजी म्हणाले, "याला काल्कवासर म्हणतात. जर्मन शब्द आहे." मोठ्या अप्रुपाने त्यांनी बरणी दाखवली. खाली पांढरा गाळ, वर काचेसारखे स्वच्छ पाणी. मला हसू आवरेना. मी म्हटले, "भाऊजी, ही तर चुन्याची निवळी!" आपल्याकडे पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी भिजत घालतो ती. आजीच्या काळी लहान मुलांना देत तीच. तिकडे हा शुद्ध चुना लोणच्यांसाठी दुकानात मिळतो. निवळी चांगलीच तीव्र असते, म्हणून वरचे निवळलेले पाणीच घ्यायचे, गाळ पेटीत जाऊ द्यायचा नाही. बरणीला झाकण घट्ट हवे, कारण उघडी राहिली की हवा लागून दुधासारखी साय धरते आणि ती साय म्हणजे वाया गेलेला चुना. रोज रात्री एक लिटर निवळी बारीक नळीतून थेंब थेंब सोडायची. रात्रीच का, तर दिवे मालवले की आतले शेवाळ काम थांबवते, पाण्यात कार्बनी वायू साचतो आणि पाणी आंबटाकडे झुकते. निवळी त्याला सावरून धरते.

असे दीड महिना चालले. मी पाहत होते, शिकत होते. पण हात भाऊजींचाच. मग डिसेंबरात जाऊबाईंना पाच आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, पण अगदी नाजूक. तिला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. भाऊजी रात्रंदिवस इस्पितळात. जाताना वही माझ्या हाती देऊन म्हणाले, "वहिनी, जमेल का तुम्हाला?" त्या प्रश्नाने मी मनातून थोडी दुखावले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण सातवी शिकलेल्या बाईला असे प्रश्न जरा खोल लागतात. मी ठसक्यात म्हटले, "त्यात काय मोठे?"

पहिल्या दिवशी आकडा आला ८.३. दुसऱ्या दिवशी ७.८. मी डबा करून इस्पितळात नेत होते, जाऊबाईंची समजूत घालीत होते, त्या गडबडीत मला वाटले, थेंब मोजताना चुकले असेन. तिसऱ्या दिवशी ७.२. चौथ्या दिवशी ६.७. तेव्हा मात्र छातीत धस्स झाले. प्रवाळाची तोंडे मिटलेली दिसू लागली. त्यातली एक जांभळी फांदी भाऊजींनी आणि जाऊबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी बोटभर तुकडा आणून लावलेली होती, ती आता वीतभर झाली होती. मनात नाही नाही ते विचार येऊ लागले. तिकडे ती काचेची पेटी आणि इकडे ही काचेची पेटी! इकडे काही झाले तर अपशकुन होईल अशी वेडी कल्पना डोक्यात शिरली.

भगिनींनो, मी त्या वेळी काय करायला हवे होते? शिल्लक का घटते ते शोधायला हवे होते. निवळीची बरणी चार दिवस भरलेलीच्या भरलेली होती. नळीच्या तोंडाशी चुन्याचा खडा धरला होता आणि एक थेंबही पेटीत जात नव्हता. मी रोज बरणी पाहत होते आणि भरलेली आहे म्हणून समाधान मानीत होते! रिकामी व्हायला हवी ती वस्तू भरलेली दिसते आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

उलट मी स्वयंपाकघरात गेले. सोड्याची शिल्लक कमी, तर सोडा घालावा, हे तत्त्वतः बरोबरच होते. भाऊजीही कधी कधी घालीत. पण त्यांच्या वहीत लिहिले होते की दोनशे लिटरला ६ ग्रॅम सोडा घातला की शिल्लक एक अंश वाढते, आणि एका दिवसात एक अंशाहून अधिक वाढवू नये. म्हणजे काट्यावर तोलून, रोज थोडा, दोन दिवसांत काम झाले असते. मी वही उघडलीच नाही. वीस वर्षे अंदाजाने स्वयंपाक केलेला हात माझा, त्याचा मला मोठा अभिमान. चहाचे शीग लावून पाच चमचे सोडा पातेलीभर पाण्यात कालवला आणि एका दमात पेटीत ओतला. म्हटले, चार दिवसांची उपासमार भरून निघेल.

सकाळी दिवे लागले तेव्हा पाणी किंचित दुधाळ झाले होते. मोजले तर आकडा ११.४! जांभळ्या फांदीची टोके भाजल्यासारखी पांढरी पडली होती, आणि दुपारपर्यंत टोकांवरची कातडी सुटून पाण्यात तरंगू लागली. उपासाने नव्हे, तर माझ्या एकदम वाढलेल्या पंगतीने ती भाजली होती.

मग दुसरा अविचार सुचला. सोडा जास्त झाला तर लिंबू पिळावे! लिंबू चिरूनही ठेवले होते. पण हात थांबला. काल एका घाईने जे झाले त्यावर आज दुसरी घाई करावी काय? मी भाऊजींना दूरध्वनी केला आणि खरे ते सारे सांगितले. सांगताना रडू आले. पलीकडे ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, आता काही घालू नका. काही काढू नका. प्रवाळ स्वतःच खाऊन आकडा खाली आणील. तुम्ही फक्त रोज मोजा आणि लिहा." थोडे थांबून म्हणाले, "इथेही तेच चाललंय. डॉक्टर दर तीन तासांनी चमचाभर दूध देतात. मी म्हटलं, तिला भूक असेल, जास्त द्या. ते म्हणाले, जास्त दिले तर पचणार नाही."

ते ऐकून मी चिरलेले लिंबू सरबतात घातले आणि वही उघडून बसले. त्या दिवसापासून रोज त्याच वेळी मोजले आणि लिहिले. ११.४, १०.९, १०.३, असा आकडा उतरत गेला. आठवडाभराने तो आठावर आला. मग नळी सुईने साफ केली आणि निवळी पुन्हा थेंब थेंब सुरू केली. त्यानंतर मी परत येईपर्यंत आकडा ८.१ च्या खाली किंवा ८.५ च्या वर गेला नाही. हे मी प्रौढीने सांगत नाही, त्या वहीची पाने माझ्या हस्ताक्षरात आहेत म्हणून सांगते.

जांभळी फांदी मात्र पुरती वाचली नाही. अर्ध्याहून अधिक मेली, नुसता पांढरा सांगाडा राहिला. भाऊजी महिन्याभराने बाळाला घेऊन घरी आले, तेव्हा त्यांनी जिवंत भाग कापून त्याचे चार तुकडे केले आणि गुलाबाची कलमे लावावीत तसे दगडावर चिकटवले. प्रवाळ असा तुकड्यानेही वाढतो. मार्चमध्ये मी निघाले तेव्हा चारांपैकी तीन तुकड्यांच्या बुडाशी जांभळी किनार पसरू लागली होती. आणि बाळ मांडीवर हसत होते. चौथा तुकडा गेला, तो माझ्या खाती.

भगिनींनो, या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. एक तर कायद्याचा आहे. भाऊजींच्या पेटीतले प्रवाळ तिकडे लोकांनी घरोघरी तुकडे लावून वाढवलेले होते. आपल्याकडे दगडी प्रवाळांच्या सर्व जाती २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीला. तेव्हा समुद्रातून प्रवाळ काढून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. कोणी किनाऱ्यावर प्रवाळाचा तुकडा शोभेसाठी विकू लागला तर कृपा करून घेऊ नका. आपल्या मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहे, तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेला, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव असलेली आंग्रे बँक आहे, तेथेही प्रवाळाची मोठी वस्ती आहे. तो आपल्याच परसातला ठेवा म्हणायचा.

दुसरे असे की समुद्र ही सुद्धा एक पेटीच आहे, फार मोठी एवढेच. आपण जो धूर सोडतो त्यातल्या कार्बनी वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रात विरघळतो आणि पाणी हळूहळू आंबटाकडे झुकते. मग प्रवाळाला घर बांधणे जड जाते. शिवाय पाणी तापले की अंगातले शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ साली असे जगभर झाले, २०१० साली झाले, २०१४ ते २०१७ मध्ये झाले. मी परत आले त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२४ मध्ये, शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा तसे झाल्याचे जाहीर केले. त्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. समुद्राला रोज रात्री निवळी पाजणारे कोणी नाही. ती बातमी मी वाचली तेव्हा मला ती भाजलेली फांदी आठवली.

आपल्यापैकी अनेकींच्या घरी मुलांनी साध्या माशांची भांडी ठेवली आहेत. त्यांच्यासाठी एवढेच सांगते. पाणी खराब दिसले की सारेच्या सारे एकदम बदलू नका, थोडे थोडे बदला. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवून मगच ते घाला. आणि काही बिघडले तर आधी 'का' ते पाहा, मग औषध शोधा.

अंदाजाचा हात ही आपली विद्या आहे, ती मी टाकून दिलेली नाही. आजही पोळीच्या पिठात मीठ मी मोजून घालीत नाही. पण जेथे दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असतो तेथे आधी मोजावे, लिहून ठेवावे, आणि जे बिघडायला चार दिवस लागले ते एका रात्रीत सुधारायला जाऊ नये, एवढे मी त्या पेटीपाशी शिकले.

परवा भाऊजींचे पत्र आले. त्यांना आता पुन्हा महिनाभर बाहेरगावी जायचे आहे. लिहितात, "वहिनी, तुमची वही जाऊबाईंना वाचायला दिली आहे. तुमच्या चुकीचे पान मी मुद्दाम खूण घालून ठेवले आहे, तेच सर्वांत उपयोगी आहे." मला लाज वाटली, आणि खरे सांगू, थोडा अभिमानही वाटला.

 आपल्या मंडळाची अशीच थेंब थेंब परंतु अखंड वाढ होवो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.